बनुबाईचा रहिवासी दाखला

मिरजेच्या दवाखान्यांत बनुबाईनं बारा वर्षं दुसऱ्यांच्या पेशंटजवळ बसून काढली. नातेवाइकांना वेळ नसायचा, हिला घर नव्हतं. झकास जमलं होतं. खाटेखाली सतरंजी आणि पेशंटच्या डब्यातलं उरलेलं जेवण. मग गुडघे गेले. उठता-बसता येईना, तसं कुणी बोलवेना. बाई फुटपाथवर आली आणि थंडी तोंडावर.

बेघरांसाठी निवारा काढलेल्या एका संस्थेचे लोक यादी करायला आले. कोवळ्या साहेबानं विचारलं, "आजी, घर आहे का?"

आता न्हाई म्हणायला काय झालं होतं! पण आमच्याकडच्या बायांची ही खोड जळली तरी जात नाही. चारचौघांत सासरचं नाव कसं घालवायचं? पदर सावरून म्हणाली, "हाय की! कुंडलपल्याडच्या वाडीत. पाच खणांचं. दोन एकर ऊस हाय." नवरा वारल्यावर लालासाहेबानं, सख्ख्या पुतण्यानं, त्याच घरातनं तिला बाहेर काढलं होतं. ते मात्र तिनं गिळलं. साहेबानं नाव खोडलं.

कोपऱ्यावरची चहावाली रंगुबाई कडाडली, "अगं बया, सासरची अब्रू पांघरून झोपणार हायस व्हय थंडीत?"

तेव्हा कुठं बनुबाई निवाऱ्याच्या दारात गेली आणि खरं काय ते बोलली. साहेब म्हणाला, "तसं गावाकडून लिहून आणा."

गेली वाडीला. लालासाहेब आता तिथला पुढारी. "या की काकी," म्हणाला आणि ओट्यावर बसवलं, उंबऱ्याच्या आत नाही. चहा पाजला. "लिहून देतो की, त्यात काय एवढं!" तासाभरात शिक्का मारलेला कागद हातात. बनुबाईला वाचता येत नाही. उगाच इतकी वर्षं ह्याला शिव्याशाप दिले, असं वाटून तिला भरून आलं. एसटीत कागद पोटाशी धरून बसली.

साहेबानं तो मोठ्यानं वाचला. 'बनुबाई या येथील कायमच्या रहिवासी असून स्वतःच्या घरात पुतण्याच्या कुटुंबासोबत सुखाने राहतात.'

काकी-पुतण्या दोघांनी एकाच घराची अब्रू राखली, त्यात भरडली ती बाई!

"आजी, मग आता आम्ही काय करणार?"

दारातनं आतलं सगळं दिसत होतं. वीस खाटा होत्या, त्यातल्या अकरा रिकाम्या.