मावसाजी आणि मुंग्यांची रांग

रिठदच्या घराला आग लागली असती आणि आमचे मावसाजी त्या वेळी मुंग्या पाहत बसले असते, तर मुंग्यांना चटका बसेपर्यंत त्यांना आगीचा पत्ता लागला नसता, हे मी पैजेवर सांगतो. घरी चांगली काळी जमीन, कपाशी, ज्वारी, दाराशी बैलजोडी. पण मुंग्यांची रांग दिसली की मावसाजी धोतर सावरून उकिडवे बसत आणि बाकीचं जग आपापलं बघून घेई. एकदा कापसाची गाडी घेऊन वाशीमच्या बाजाराला निघाले, वाटेत वारूळ दिसलं म्हणून उतरले. बैल बिचारे बराच वेळ थांबले आणि मग शहाण्यासारखे गाडी घेऊन घरी परत आले. मावशीनं बैलांनाच विचारलं, "मालक कुठी टाकून आले रे?" आणि त्यांना पेंड घातली.

इंझोरीला एका नातलगाकडे म्हातारा वारला, तेव्हा मावसाजी सांत्वनाला गेले. ओसरीवर बसले असताना भिंतीच्या कडेनं मुंग्या पतंगाचा पंख ओढत चालल्या होत्या. मावसाजी एकदम ओरडले, "नेला! नेला ना बापा!" आत दमून थांबलेल्या बायकांनी पुन्हा नव्यानं हंबरडा फोडला. इतक्या मायेनं कोणी रडलं नाही, असं त्या घरचे लोक पुढं कितीतरी दिवस सांगत होते.

पण खरी कसोटी लागली ती त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नात. वरात वेशीशी आली, वाजंत्री वाजू लागली आणि वधूपिता स्वागताला जाण्याऐवजी वाटेत दोन्ही हात पसरून उभा. पायांशी मुंग्यांची रांग वाट ओलांडत होती.

"थांबा! अंडे घेऊन चालल्या. दम खा जरा."

व्याह्यांचा फेटा रागानं थरथरला. "मुंग्यांसाठी आमची वरात अडवता? फिरवा रे गाड्या!"

आणि गाड्या खरोखरच वळू लागल्या. गावातले शहाणे पुढं झाले, पण ते मावसाजींना शिव्या देण्यात इतके गुंतले की गाड्या अडवायचं कोणाला सुचलं नाही. शेवटी मावशी ओवाळणीचं ताट घेऊन धावत आली. तिनं माफी मागितली नाही.

"व्याहीबुवा," ती धापा टाकत म्हणाली, "मुंगीच्या लेकराइसाठी ह्या माणसानं गाव अडवलं. मी तं तुमच्या घरी माही लेक देऊन राह्यली. तिच्यासाठी तुमी येवढं थांबसान का नाही?"

व्याह्यांनी हात वर करून गाड्या थांबवल्या. तेवढ्यात नवरदेव घोड्यावरून उतरला, बाशिंग सावरत मावसाजींच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "किती वेळ लागन, मामाजी?" मुहूर्त टळला, लग्न मात्र झालं.

पुढं दिवाळीनंतर मावशीला हिवतापानं गाठलं. वैद्यांनी आशा सोडली. त्या दिवसापासून मावसाजी तिच्या खाटेशी जे बसले ते उठले नाहीत. ती गिळते कशी, श्वास कुठं अडकतो, कोणत्या कुशीवर कण्हत नाही, यापलीकडे त्यांना काही दिसेना. वेचणीवाचून कापूस शेतात वाऱ्यावर उडाला. उतरंडीतल्या गुळाला मुंग्यांनी काळं केलं, तिकडं त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. जे गाव आजवर "ह्याचं बायकोकडं ध्यान नाही" म्हणून हसत होतं, तेच आता म्हणू लागलं, "बायकोपायी येडा झाला!" गावाचं कसंही समाधान होत नाही.

मावशी उठली. चुलीपाशी बसून तिनं पहिली भाकर खाल्ली, ते मावसाजींनी डोळे भरून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते बांधावरच्या वारुळाकडं निघून गेले.

मावसाजी वारल्यावर बऱ्याच वर्षांनी मी मावशीला विचारलं, "तू बरी होताच ते असे मुंग्यांकडं निघून गेले, तुला राग नाही आला?"

"राग कायले येईन?" ती हसली. मग पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. "पण तुले सांगतो, बरी झाली न्‌ त्याचंच वाईट वाटलं मले. असं कोणी कोणाकडं पायते का रे? आनखी चार दिस ताप राह्यला असता, तं काय बिघडलं असतं?"