दोनवरचा लाल ठिपका

मंचरच्या एसटी स्टँडसमोरच्या बोळात एक पत्र्याची टपरी होती. तिच्यावर पिवळ्या रंगात लिहिलं होतं, 'येथे सर्व मोबाईलला सॉफ्टवेअर मारून मिळेल.' भिंतीला चुना मारतात, पिकाला औषध मारतात, तसा तो टपरीवाला फोनला सॉफ्टवेअर मारायचा. फोन पाण्यात पडला, मारा सॉफ्टवेअर. बॅटरी फुगली, मारा सॉफ्टवेअर. आवाज येत नाही म्हणून कुणी आलं आणि स्पीकरच्या भोकातून पीठ निघालं, तरी तो आधी मान हलवून म्हणायचा, "सॉफ्टवेअर गेलंय पावणं. मारावं लागंल."

मला त्या माणसाचा मनापासून तिटकारा होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं. फोनच्या आत काय चालतं याचा त्याला गंध नव्हता. टेबलावर एक काळा डबा, त्यातून निघालेल्या वायरी, आणि कुठून तरी कॉपी करून आणलेल्या फायली. कुठली फाईल कितव्या व्हर्जनची आहे हे विचारलं की म्हणायचा, "चालतीय ना राव? मग झालं तर!" असल्या माणसाकडे पेठपासून लोणीपर्यंतची माणसं रांग लावून उभी राहत. हातातला फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, वर रबर. दोन हजार सहा-सातची ही गोष्ट. तेव्हा मला वाटायचं, या अख्ख्या तालुक्यात मोबाईल नावाची वस्तू कळलेला मी एकटाच आहे.

मी मंचरच्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसायचो. काम सुटलं की थेट सायबर कॅफे गाठायचो. तिथं आम्ही चौघं जमायचो. कुठल्या मॉडेलला कितवं व्हर्जन आलं, त्यात कॅमेऱ्याची कुठली खोड गेली, कुठली नवी खोड लागली, पुढच्या वर्षी कुठली सिस्टीम कुणाला खाणार, सगळं आम्हाला पाठ. आमच्यातल्या एकाकडेही त्या बातम्यांतला फोन नव्हता. ज्या वस्तूला आपण बोटही लावलेलं नाही तिच्यातल्या चुकांवर आम्ही तासन्‌तास भांडायचो. पेपरात आठवड्याला मोबाईलवर एक सदर यायचं. ते वाचून आम्ही नाक मुरडायचो, कारण त्यातली बातमी आमच्या लेखी शिळी असायची.

लग्नात, सुपारीत, दहाव्याला, कुठंही मी समोरच्याचा फोन हातात घ्यायचो, चांदणी-फुली-शून्य-शून्य असा कोड दाबायचो आणि आतलं व्हर्जन बघून च्‌च्‌ करायचो. "जुनं आहे." त्या बिचाऱ्याचं तोंड उतरायचं. साखर निघाली असं डॉक्टरनं सांगितल्यासारखं तो विचारायचा, "मग आता?" मी खांदे उडवायचो. त्याचा फोन चांगला चालत असायचा, हे मी कधी लक्षात घेतलं नाही.

या सगळ्या अडाणी गोतावळ्यात माझी आई पहिल्या नंबरवर होती, असं मी तेव्हा मानत होतो. तिला वाचता येत नव्हतं. मी नवा फोन घेतला तेव्हा माझा जुना तिच्याकडे गेला. तो कसा वापरायचा हे मी तिला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडलो, चौथ्यांदा सांगितलंच नाही. मग ती एका बाजारच्या दिवशी त्या टपरीत गेली.

टपरीवाल्यानं तिला एकच प्रश्न विचारला, "मावशी, तुमी कुणाकुणाला फोन लावता?" तिनं सांगितलं. त्यानं दोनच्या बटणावर माझ्या बहिणीचा नंबर लावला, तीनवर माझा, चारवर गाईच्या डॉक्टरचा, पाचवर मामाचा. बटण दाबून धरलं की फोन लागायचा. प्रत्येकाची वाजायची धून वेगळी लावली. आणि दोनच्या बटणावर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला, म्हणजे अंधुक दिसलं तरी लेकीचं बटण चुकायला नको. आई घरी येऊन तो ठिपका सगळ्यांना दाखवत सुटली. मला इतकी लाज वाटली! रंगीत पडद्याचा, कॅमेऱ्याचा फोन, आणि त्याला गावठी बैलाच्या शिंगासारखा रंग लावलेला.

बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. डी.एड. करून ती शिक्षणसेवक म्हणून घाटघरच्या शाळेत लागली होती. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढायची, मग कायम. तिची दोन वर्षं संपून वर चार महिने झाले होते. तिकडे गावात रेंज नव्हती. शाळेमागच्या टेकाडावर एक कातळ होता, त्यावर उभं राहिलं की घाटाखालच्या कोकणातल्या टॉवरची रेंज मिळे. रिचार्जला जुन्नर गाठावं लागे, म्हणून ती बॅलन्स जपून ठेवायची. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर कातळावर चढायची आणि आईला मिस कॉल द्यायची. आई दोन दाबून धरायची. पाऊस असो, धुकं असो, आमच्या घरातली ती शुक्रवारची पाच-सव्वापाचची वेळ ठरलेली होती. मला त्याचंही हसू यायचं. जग कुठं चाललंय आणि या दोघी मिस कॉलवर संसार करतात!

त्याच पावसाळ्यात तिला एक स्थळ आलं. शेजारच्या काकूंच्या नात्यातलं. मुलगा चाकणच्या कंपनीत कायम, भोसरीत दोन खोल्या. त्यांची अट एवढीच, की मुलीनं नोकरी सोडून तिकडं यायचं. आबांना, म्हणजे वडिलांना, स्थळ पसंत. मलाही पसंत, कारण मुलाच्या खिशात मी ज्याच्या बातम्या वाचायचो तो फोन होता. हे मी आज लिहितोय आणि मला स्वतःची शिसारी येते, पण खरं कारण तेच.

सुट्टीला घरी आलेल्या बहिणीनं विचार करायला आठवडा मागितला. जाताना आई तिला स्टँडवर सोडायला गेली, मी पिशवी घेऊन मागं होतो. आई तिला म्हणाली, "शुक्रवारी सांग मला. तू नाय म्हणलीस तर तुज्या बापापुढं मी हुबी ऱ्हाते. त्याची काळजी नको करू." बहिणीनं मान हलवली. आईनं आबांपुढं उभं राहण्याचं वचन कुणाला दिल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी मी आईचा फोन घेऊन मंचरला गेलो. कारण काय? तिच्या मॉडेलला नवं व्हर्जन आलं होतं. बस्स. फोन ठणठणीत होता, पण दोन व्हर्जन मागं होता, आणि ते मला दातात अडकलेल्या सुपारीसारखं टोचत होतं. सायबरमध्ये केबल लावली. अपडेटच्या आधी सगळं काढून ठेवा, नाहीतर आतलं पुसलं जाईल, अशी सूचना पडद्यावर आली. मी दुसऱ्यांना ती सूचना न वाचल्याबद्दल हसायचो. पण आईच्या फोनात काढून ठेवण्यासारखं आहेच काय, असं म्हणून मी पुढं गेलो. लाईट गेली होती, इन्व्हर्टरवर काम चाललं होतं, आणि ती निळी पट्टी भरत जाताना मी श्वास रोखून बसलो होतो. झालं तेव्हा बाकीच्या तिघांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

घरी आल्यावर आईनं फोन हातात घेऊन पहिल्यांदा ठिपका बघितला. "हाय ना रं सगळं?"

"आहे गं. उलट आधीपेक्षा चांगला झालाय."

ठिपका जागेवर होता. ती निर्धास्त झाली.

शुक्रवारी मी साडेसातला घरी आलो. आई ओट्यावर बसली होती, फोन तळहातावर घेऊन. आबा मळ्यातून आलेले नव्हते.

"तीनदा वाजला," ती म्हणाली. "तिचाच आसंल, येळ तीच व्हती. पण येगळाच वाजला. म्या दोन दाबून धरला तर कायतरी इंग्रजी आलं. हाताला लागंल ते दाबलं, तर ते गेलं. परत धरला, परत तेच. लई येळा केलं रं."

मी बघितलं. अपडेटमध्ये बटणांवर लावलेले नंबर पुसले होते, धून पुसल्या होत्या. बटणावरून फोन लावायची सोय बंद आहे, चालू करू का, असं तो इंग्रजीत विचारत होता. मला हसू आलं. खरंच आलं. "अगं, नुसतं हो म्हणून नंबर टाकायचा होता तिथं! एवढं सोपं केलंय त्यांनी."

"मला कुटं वाचता येतंय?"

"मग शेजारी जायचं ना कुणाकडे."

शेजारी म्हणजे काकूंचं घर. त्यांच्याच नातेवाइकाला नकार निघू शकेल असा फोन तिनं त्यांच्याच हातून लावून घ्यायचा होता, असं मी तिला सुचवत होतो. बाकी वस्तीत गेली असती तरी अर्ध्या तासात काकूंच्या कानावर गेलं असतं. हे तिला कळत होतं. मला, एवढ्या शहाण्याला, कळत नव्हतं. मी बहिणीला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. ती कातळावरून खाली उतरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू नवऱ्याला घेऊन आल्या. चहा झाला. काकू म्हणाल्या, तिकडून निरोपाची वाट बघतायत. आबा म्हणाले, "पोरीला नको आसतं तर तिनं कळवलं आसतं. आठवडा दिला व्हता की."

आई दाराशी उभी होती. "जरा थांबा. माजं बोलणं व्हऊ द्या तिच्याशी."

"शुक्रवारी बोलती ना तू? मग काय झालं कालच्याला?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी बोलायला हवं होतं. काल तिनं तीनदा मिस कॉल दिला, आईला लावता आला नाही, कारण फोन मी बिघडवला, एवढी दोन वाक्यं. पण ती काकूंच्या नवऱ्यासमोर बोलायची होती, आणि त्यांच्या फोनचं व्हर्जन जुनं आहे म्हणून मी त्यांना चारचौघांत दोनदा खिजवलं होतं. मी बशीत चहा ओतला आणि पीत बसलो. लेकानं फोन बिघडवला, हे तिनं त्या लोकांसमोर माझ्यासाठी झाकलं. आबांनी शब्द दिला. काकूंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

रविवारी बहिणीनं गावातल्या एका पालकाच्या फोनवरून माझ्या फोनवर सरळ फोन केला. मी तो आईला दिला. आईनं सांगितलं, शब्द दिलाय. मग आई "बरं, बरं" म्हणाली आणि फोन माझ्या हातात परत दिला.

लग्न झालं. शिक्षणसेवकाची काही महिने कमी तीन वर्षं पाण्यात गेली. नवरा वाईट नाही. अंगावर धावून येत नाही, दारू पीत नाही. तिला घाटघरच्या पोरांची आठवण येते तेव्हा तो टीव्हीचा आवाज वाढवतो, इतकंच.

त्या शनिवारनंतरच्या पहिल्याच बाजाराला आई मंचरच्या टपरीत गेली. त्यानं पुन्हा विचारलं, "कुणाकुणाला लावता मावशी?" आणि पाच मिनिटांत चारही नंबर बटणांवर लावून दिले. सॉफ्टवेअर मारलं नाही. त्याच्या काळ्या डब्याला हात न लावता मिटलेलं ते काम मी आपण होऊन करायला हवं होतं. पण आईनं मला सांगितलं नाही, आणि मला सुचलं नाही. त्यानंतर तिनं तो फोन माझ्या हातात कधी दिला नाही. एसटीच्या कंडक्टरला देईल, दूधवाल्याला देईल, मी हात पुढं केला की कमरेच्या पिशवीत टाकते.

दोन-तीन वर्षांनी बहीण दिवाळीला आली होती. नवऱ्याचा जुना फोन तिच्याकडे आला होता. तोच, ज्यासाठी मला स्थळ पसंत पडलं होतं. मी सवयीनं तो उचलला, कोड दाबला. "जुनं आहे गं. नवं टाकून देतो."

ती करंज्यांना मुरड घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "दादा, त्या शुक्रवारी मी 'नाही' सांगायला चढले होते. बॅलन्स मिस कॉलपुरताच उरला होता. अंधार पडेपर्यंत उभी होते कातळावर. आईनं फोन लावलाच नाही. आबांपुढं घाबरली बिचारी, मी नंतर काही विचारलं नाही तिला."

आई तिथंच होती, सारणाची परात पुढ्यात घेऊन. म्हणजे इतकी वर्षं बहीण आईला भित्री समजत होती, आणि आईनं तिला तसं समजू दिलं होतं. एका वाक्यानं सगळं फिटलं असतं. तिनं ते माझ्यासाठी गिळलं होतं. आईनं माझ्याकडे बघितलं, त्या शनिवारी बघितलं होतं तसंच. आता सांगशील का, एवढंच विचारल्यासारखं.

"केबल आहे का याची?" मी बहिणीला विचारलं.