शिफ्टनंतरचा हात

कपड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं कापड कापणाऱ्या बाईला सगळे कात्रीबाईच म्हणत. तिला सोनोग्राफीला बोलावलंय हे कळल्यावर धाकटी जाऊ पोट धरधरून हसली.

"या वयात, जाऊबाई?"

"पोटाची नाही गं, मनगटाची!"

तिची उजव्या हाताची बोटं बधिर व्हायची, धरलेला कप निसटायचा. मनगटातली दबलेली नस सोनोग्राफीत कशी दिसते, याचा अभ्यास रुग्णालयातली एक डॉक्टरीण करत होती. पहिल्या वेळी कात्रीबाई सांगितल्याप्रमाणे हाताला दोन दिवस आराम देऊन गेली. नस भरली साडेनऊ चौरस मिलिमीटर. दहाच्या आत, म्हणजे सगळं ठीक. मॅनेजरने तो कागद सगळ्यांसमोर नाचवला.

"हलक्या कामासाठी नाटकं नुसती! पुढचा रिपोर्टही असाच आला तर घरीच बसायचं."

कात्रीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या वेळी ती शिफ्ट संपल्यावर थेट गेली, बाह्यांवर दोरे तसेच.

"दोन दिवस आराम सांगितला होता ना?" डॉक्टरीण म्हणाली.

"आराम केला की बरं वाटतं, हे कळायला मशीन कशाला हवं? आत्ता मोजा."

"माझ्या अभ्यासात ते बसत नाही."

"मग अभ्यास बदला. मी इथून हलणार नाही." तिने मनगट टेबलावर ठेवलंच.

डॉक्टरीण वैतागली, पण तिने जेल लावलं. पडद्यावरचा नसेचा करडा ठिपका तिने मोजला, पुन्हा मोजला. बारा. मग तिचा आवाज उतरला.

"दिवसभर कापता कशाने? ती कात्री बघू."

कात्रीबाईने ती पिशवीतून काढून दिली. डॉक्टरिणीने टेबलावरच्या जुन्या चादरीचा कोपरा कापून पाहिला. कापड नुसतं चावल्यासारखं चुरगळलं.

"वर्षभर धार नाही. मॅनेजरने धारवाल्याला बंद केलंय," कात्रीबाई म्हणाली.

डॉक्टरिणीने तेही रिपोर्टमध्ये लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापडाच्या टेबलांशेजारीच बसणाऱ्या मॅनेजरपुढे कात्रीबाईने रिपोर्ट ठेवला. तो वाचताना त्याचा चेहरा पडला.

"बरं बाई, बटणांच्या कामाला बस."

"हलकं काम मागितलंय कुणी? मी उठले की ही कात्री उद्या दुसरीच्या हातात जाईल." तिने कात्री रिपोर्टवर आपटली. "धार लावून आणा. सगळ्या टेबलांवरच्या, अकराच्या अकरा. तोवर चिंधीसुद्धा कापली जाणार नाही."

मागच्या टेबलांवर एकेक करत दहा कात्र्या खाली ठेवल्या गेल्या. मॅनेजर फोनमध्ये धारवाल्याचा नंबर शोधू लागला.