बुडालेल्या मुळांची साक्ष

आमच्या घरात कुणीच कधी शेतात उभं सोयाबीन पाहिलेलं नव्हतं. कोकणातून गिरणीत आलेल्यांची ही तिसरी पिढी. पीक म्हणजे भात, आणि भात म्हणजे पाण्यात उभी रोपं, एवढंच आईचं शेतीशास्त्र. आणि मी मात्र चारकोपच्या वन रूम किचनमध्ये राहून, पाण्यात बुडालेलं सोयाबीन तग धरण्यासाठी मुळांत कोणती प्रथिनं तयार करतं, यावर पीएचडी करत होते. नातेवाईक विचारायचे, याचा उपयोग काय? मी म्हणायचे, तुमच्या कढईतलं तेल.

गोष्ट सरळ आहे. कुंडीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही. मग मूळ बरीचशी कामं थांबवतं आणि मोजकीच प्रथिनं वाढवतं. त्यातलं एक प्रथिन हवेशिवाय साखर अर्धीमुर्धी मोडून मुळाला कसंबसं जगवतं. मी मुळं वाटून त्यातली प्रथिनं वेगळी करायचे आणि त्या एका प्रथिनाचा काळा पट्टा फिल्मवर उमटतो का ते बघायचे. बुडवलेल्या रोपांत पट्टा दिसायला हवा, कोरड्या रोपांत नको.

माझ्या कोरड्या रोपांतही तो दिसत होता. तोही ठसठशीत.

अंधेरीच्या आमच्या प्रयोगशाळेतली रोपं वाढवायची खोली दुरुस्तीला काढली होती, म्हणून माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या परवानगीने मी कुंड्या घरच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवल्या होत्या. बुडवायच्या कुंड्या टबात, कोरड्या, म्हणजे बेताचंच पाणी घातलेल्या, बाहेर. रोपं रिक्षाने मांडीवर घेऊन प्रयोगशाळेत न्यायची, मुळं गोठवायची, वाटायची. सगळं पुन्हा पुन्हा केलं. पट्टा काही जाईना.

पीएचडीचं काम तपासणाऱ्या समितीसमोर वाट लागली. अध्यक्ष सर म्हणाले, "या प्रथिनाचा पाण्याशी संबंधच नसेल. रोप उपटलं की वाढत असेल. पुढच्या बैठकीपर्यंत काही दाखवता आलं नाही, तर विषय बदला." विषय बदला म्हणे! म्हणजे सगळं कचऱ्यात. मला राग आला की रडू येतं, आणि रडू आलं की आणखी राग येतो. त्या दिवशी दोन्ही झालं. मी भरदुपारी घरी निघून आले.

दार उघडून बघते तर ग्रिलमधल्या माझ्या कोरड्या कुंड्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत बसवलेल्या, आणि डबे काठोकाठ भरलेले.

"आई! हे काय आहे?"

आई मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "रोपां सुकत चललली गो. माका दया इली. भाताचो तरवो कोण असो सुको ठेवता?"

तिच्या लेखी माझी रोपं म्हणजे तरवाच, लावणीआधीची भाताची कोवळी रोपं. रोज मी गेले की ती डबे भरायची आणि संध्याकाळी मी यायच्या आत ओतून टाकायची. माझ्या भीतीने नव्हे, डासांच्या. सोसायटीत साचलेलं पाणी तपासायला माणसं येतात ना!

मी इतकी ओरडले की शेजारच्या वहिनी दारात आल्या. आणि ओरडता ओरडताच मला हसू फुटलं. कारण मग माझा पट्टा चुकलाच नव्हता! आईने गुपचूप घातलेलं पाणी मला कळलं नाही, समितीला कळलं नाही, मुळांना बरोबर कळलं होतं. मी माशाच्या हातांसकट आईला मिठी मारली. ती म्हणाली, "पिशी झालंस काय?"

त्याच संध्याकाळी मॅडमना फोन करून मी म्हटलं, "आता आईलाच कुंड्या बुडवू द्या. कोणत्या बुडवल्या ते मी पट्ट्यावरून ओळखते." ठरलं असं: कुंड्यांना नंबर घालून मी त्या शेजारच्या वहिनींकडे ठेवायच्या. कोणत्या बुडवायच्या ते आई ठरवणार आणि फक्त मॅडमना फोनवर सांगणार. मी तिकडे फिरकायचंही नाही; मॅडम मुळं धुऊन, गोठवून नंबरासकट माझ्या हाती देणार. घरात बसून आईच्या चेहऱ्यावरून अंदाज लावायचा मोह होत होता, पण ती माझ्यासमोर मुद्दाम बिलंदरासारखी गाणी गुणगुणत राहिली.

बैठकीत मी फिल्म पडद्यावर लावली आणि एकेक नंबर वाचत गेले. ही बुडालेली. ही कोरडी. ही बुडालेली. मॅडम हातातल्या कागदाकडे बघून दर वेळी मान हलवत होत्या. मग एका कुंडीपाशी मी अडले. पट्टा होता, पण फिकट.

"हिलाही पाणी लागलंय," मी म्हटलं. "थोडं."

मॅडमची मान हलली नाही. "आईंनी ही कोरडी सांगितली होती."

अध्यक्ष सर खुर्चीत मागे रेलले. झालं, मला वाटलं. पण माझा हेकटपणा अशा वेळी कामाला येतो. "पट्टा खोटं बोलत नाही सर. आईला विचारा." मी तिथेच फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

आई म्हणाली, "ती व्हय? ती चुकान टबात ठेवलंय. मगे ध्यानात इला तशी काढलंय. म्हटलंय, कित्याक सांगू? पण ह्या तुमका कोणी सांगल्यान?"

अध्यक्ष सर पुढे झाले, पडद्यावरच्या त्या फिकट पट्ट्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि फोनवर वाकून म्हणाले, "काकी, तुमच्या मुलीने सांगितलं. मुळं बघून."

"मगे तिचो विषय बदलूक नको मा?"

"नको," सर म्हणाले. "अजिबात नको."

मी भर बैठकीत टेबलावर मूठ आपटली, आणि फोनमधून आई विचारत राहिली, काय पडलं म्हणून.