न ठोकलेला खांब

मधुभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या बसस्टँडवर परतवाड्याच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. मी नुसतं "बरं" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि गाडी लागल्यावर चढून बसलो. अमरावतीला अंत्ययात्रेला गेलोच नाही. माणूस गेला की राग निवतो म्हणतात... माझा काही निवला नाही.

मधुभाऊ पुलांचे इंजिनिअर, मी शाळेत इतिहास शिकवणारा. पूर्णेवरचा इंग्रजांच्या काळातला आमचा दगडी पूल त्यांनीच मला पाहायला शिकवला. "याच्यात सिमेंट नाई मास्तर. चुना, दगड अन् अक्कल!" असं म्हणत ते खांबावर थाप मारायचे, घरच्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी. दरवर्षी पूर ओसरून पात्र उघडं पडलं की आम्ही पुलाखाली उतरायचो. मी हातोडीनं खांबाचे दगड ठोकायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. खणखणीत आवाज आला तर दगड पक्का. बद्द आला तर आतला चुना वाहून गेला असं समजायचं. मग काठावर बसून त्यांच्या घरून वहिनींनी दिलेली भाकर आणि ठेचा खायचा. नोकरी संपून ते अमरावतीला राहायला गेले, तरी हा नेम चुकला नाही.

पुढे तो पूल पाडून नवा बांधायची बातमी आली आणि मी पेटलो. गावोगाव सभा घेतल्या. प्रत्येक सभेत छातीठोकपणे सांगायचो, "हा पूल मधुभाऊंसारखा माणूस दरवर्षी तपासतो." ते शेजारी मान खाली घालून बसलेले असायचे. मला वाटायचं, स्तुतीनं अवघडले. त्याच वर्षी पुलाखाली मी तिसऱ्या खांबाकडे वळलो, तर त्यांनी माझा दंड धरला. "तिकडं गाळ हाये. राहू द्या." मी राहू दिलं. पुढच्या वर्षीही तसंच झालं.

मग शाळेच्या पटांगणात सुनावणी झाली. माझे जुने विद्यार्थी, त्यांचे आईबाप, सगळे माझ्या शब्दावर आले होते. सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबांनी मधुभाऊंचं मत विचारलं. ते उठले आणि म्हणाले, "पाडा. तिसरा खांब आतून पोकळ झाला. दोन पावसाळे झाले, मले ठाऊक हाये."

दोन पावसाळे! पुढच्या रांगेतली एक बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "काहो मास्तर, माह्या पोरीची शाळेची गाडी त्याच पुलावरून जाते. तुमाले बी ठाऊक होतं का?" नव्हतं, हे तिला पटेल असं सांगायचं कसं? बाहेर आल्यावर मी मधुभाऊंना गाठलं. "मले काहून नाई सांगतलं?" ते चष्मा पुसत राहिले. "सांगणार होतो राजे..." आमचं ते शेवटचं बोलणं. पूल पाडला. नवा रुंद आहे, चांगला आहे.

परवा शेवटी अमरावतीला गेलो. वहिनींनी चहा दिला आणि मी न विचारताच बोलल्या, "मी लय सांगून पाह्यलं भाऊजी, का मास्तरले खरं सांगून टाका. तर म्हणे, मंग ते पुलाखाली माह्यासंगं कायले येतीन?"

एवढ्यासाठी? एवढ्यासाठी लेकरांची गाडी त्या पुलावरून जाऊ दिली, आणि मला गावासमोर खोटं पाडलं! आणि पूल नसला तर मी येणारच नाही, हे माझ्याबद्दल त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मला विचारलं तरी असतं...

"पूल नसता तरी आलो असतो, वहिनी."

"हे त्याइले सांगाले पाह्यजे होतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मधुभाऊंच्या खोलीचं दार लोटलं. खाट होती, आणि खिडकीपाशी समोरासमोर मांडलेल्या दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीत कोण बसायचं, मी विचारलं.

"कोणीच नाई. पण उचलू देत नव्हते."

वहिनी मला बसा म्हणाल्या. मी दारातच उभा राहिलो.