उबेत लावलेली घड्याळं

तेलकंपनीच्या वर्कशॉपात तिला सगळे पेटीवाली म्हणत. हात घड्याळजी बापाचा, आणि जीभ कुणाची ते देव जाणे. समुद्राच्या तळाखाली तेल आणि वायू कुठं सरकतोय ते तपासायला मोठं जहाज लागे. खर्च एवढा, की ते पाच वर्षांतून एकदाच यायचं. मधली चार वर्षं नुसती आंधळी कोशिंबीर. अशाच एका वर्षी विहीर खणताना नको तिथं वायू भेटला आणि तिच्या धाकट्या भावाचा हात भाजला. भाऊ अजून तिथंच, समुद्रातल्या विहिरींवर कामाला होता.

म्हणून तिनं स्वस्तातल्या बारा पेट्या बांधल्या. प्रत्येकीत आवाज टिपणारं यंत्र आणि वेळ नोंदवणारं घड्याळ. पेट्या समुद्रतळाशी ठेवायच्या, वर छोट्या बोटीतून हवेचे बार काढायचे, खडकांतून परतणारा आवाज नोंदवायचा, आणि परतायला किती वेळ लागला त्यावरून तळाखालचं चित्र काढायचं. दरवर्षी, त्याच जागी.

पहिलंच चित्र वेडंवाकडं आलं.

"भंगारात द्या," साहेब म्हणाले. "जहाजाची वाट बघू."

"जहाज तीन वर्षांनी येणार, आणि नवी विहीर तुम्ही यंदाच खणणार. मला महिना द्या."

साहेबांनी नाइलाजानं दिला. तिनं तारा तपासल्या, जोड तपासले. सगळं ठीक. मग एकदा टेबलावरच्या गरम दिव्याला हात लागला आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. घड्याळं तिनं याच दिव्याखाली लावली होती, आणि समुद्रतळ तर गारठलेला; तिथं त्यांची चाल बदलणारच. काखेत कळसा नि गावाला वळसा!

बाराही घड्याळं तिनं घरच्या फ्रिजमध्ये ठेवली.

"आणि भाजी कुठं ठेवू, तुझ्या डोक्यावर?" आई म्हणाली.

तीन आठवड्यांत प्रत्येक घड्याळ थोडं मागं पडलं, आणि प्रत्येकाचं मागं पडणं वेगळं. तेवढा फरक मिळवून तिनं चित्र नव्यानं काढलं.

"चूक माझी आहे, पेट्यांची नाही," तिनं साहेबांना सांगितलं. लाजेनं कान तापले होते, पण मान खाली घातली नाही. चित्रात वायू नव्या विहिरीच्या ऐन वाटेत साचलेला दिसत होता. विहीर चारशे मीटर सरकवली गेली.

पुढच्या वर्षी ती घड्याळं घेऊन स्वयंपाकघरात आली, तर फ्रिज रिकामा, भाजी बाहेर टोपलीत.

"ठेव," आई म्हणाली. "नीट मोज. धाकटा अजून तिथंच आहे."