मेनस्विच आप्पा

आप्पांच्या खाकी शर्टाचा खिसा कायम ओघळलेला असायचा, कारण त्यात फ्यूज असायचे. कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी ते भिंतीवरच्या बॉक्सपाशी जात, मेनस्विच खाली पाडत, चिनीमातीचे तिन्ही फ्यूज उपसून खिशात टाकत आणि मगच पाना उचलत. काम संपेपर्यंत ते फ्यूज ब्रह्मदेव आला तरी परत मिळायचे नाहीत. "आधी बंद, मग हात," एवढंच ते म्हणत. सातपूरच्या आमच्या कारखान्यातले ते सगळ्यात जुने इलेक्ट्रिशियन. सगळे त्यांना तोंडावर मेनस्विच आप्पा म्हणत, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

एकदा भर मे महिन्यात मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये पाहुणे बसलेले असताना आप्पांनी एसीची लाइन बंद केली. साहेब तणतणत बाहेर आले. आप्पांचा जोडीदार शिडीवर चढून वरची वायर जोडत होता. आप्पा खिशावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, घाम आला तर पुसता येतो. माझा माणूस वर चिकटला तर काय पुसायचं?" साहेब घाम पुसत आत गेले. आप्पांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकालाही कधी शॉक बसला नाही. आम्हाला त्याचं कौतुक नव्हतं. न घडलेल्या गोष्टीचं कौतुक कोण करतो?

नव्वदीच्या मध्यावर आमच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारं पहिलं सीएनसी लेथ आलं. माझा डिप्लोमा नुकताच झालेला. मला पंधरा दिवस बंगलोरला शिकायला पाठवलं आणि परत आलो तो नाशिक रोडच्या स्टेशनवर हवेतच उतरलो. माझी ऐट काय विचारता! तिथे लिहून घेतलेली वही मी लॉकरमध्ये कुलूप लावून ठेवायचो. अख्ख्या कारखान्यात हे मशीन फक्त मला कळतं, ही भावना मला फार आवडायची. खरं सांगतो, पगारापेक्षा जास्त आवडायची.

आप्पा जेवणाच्या सुट्टीत येऊन त्या मशीनसमोर उभे राहत. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण नजर अशी, की नवी सून बघायला आलाय. एकदा त्यांनी विचारलं, "लाइट जाते, येते, आन् हिला कालचं सगळं आठवतं कसं रे?" किती नेमका प्रश्न होता तो! दोन मिनिटांचं उत्तर होतं. मी म्हणालो, "आप्पा, ते तुम्हाला नाही कळायचं." ते हसले. "आसंल बाबा," म्हणाले. मखमलाबादला त्यांचा भाजीचा मळा होता. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी मेथीची जुडी घेऊन आले.

वर्षभराने मशीनच्या पडद्यावर बॅटरी संपत आल्याची सूचना लुकलुकायला लागली. मशीन बंद असताना त्याची सगळी स्मृती त्या एवढ्याशा बॅटरीवर तगून असते. म्हणून ती बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची असते. बंद करून काढली, की सगळं पुसलं जातं. माझ्या वहीत हे वाक्य दोनदा अधोरेखित केलेलं होतं. मी आप्पांना म्हणालो, "बॅटरी बदलून टाका," आणि चहाला गेलो. बस्स, एवढंच म्हणालो.

आप्पांनी तेच केलं, जे आयुष्यभर केलं होतं. मेनस्विच पाडला, फ्यूज खिशात टाकले, जुनी बॅटरी काढली, नवी नीट पुसून बसवली. मी परत आलो तेव्हा मशीन चालू होतं आणि काहीही ओळखत नव्हतं. प्रोग्रॅम गेले, मशीनच्या आतल्या सगळ्या नोंदी गेल्या. त्या नोंदी कागदावर उतरवून ठेवणं माझंच काम होतं. मी तीन पानं उतरवून कंटाळलो होतो. बंगलोरचा माणूस येईपर्यंत अकरा दिवस मशीन थंड पडून राहिलं.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मला विचारलं, "मशीन चालू ठेवून बॅटरी बदलायची, हे यांना सांगितलं होतंस?"

मी म्हणालो, "हो सर."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रागाने पाहिलं असतं तर मी कदाचित कबूल केलं असतं. ते नुसते गोंधळले होते. कपाळाला आठ्या घालून त्यांनी आठवायचा प्रयत्न केला आणि मग हळूच म्हणाले, "सांगितलं आसंल साहेब. पोरगं खोटं कशाला बोलंल? माझ्याच ध्यानात ऱ्हायलं नाय."

त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. तिथे ते प्रत्येक गोष्ट दोनदा लिहायचे आणि तरी दुसऱ्याला विचारायचे, "मी आत्ता काय म्हणालो?" लोक हसायचे. मी हसत नव्हतो, पण बोलतही नव्हतो. रोज ठरवायचो, उद्या सांगू. वर्षाच्या आत त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली. निरोपाच्या कार्यक्रमाला मी रजा टाकली.

चार वर्षांनी मला अंबडच्या दुसऱ्या कारखान्यात नोकरी लागली. मग मला धीर आला. हो, मगच. मखमलाबादला गेलो. काकू दारातच म्हणाल्या, "आता घरातला बल्बसुद्धा बदलत नाहीत हो. विहिरीवरची मोटर शेजाऱ्याला सांगून चालू करून घेतात. म्हणतात, माझ्या डोक्याचा भरवसा नाय."

आप्पा ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यापुढे बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. मी सांगितलं नव्हतं, आप्पा. तुम्ही काही विसरला नव्हता. मी साहेबांसमोर खोटं बोललो.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि देवाशपथ, मला त्या हव्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आत हाक मारली, "अगं, ऐकलं का? म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून हा सगळं सोताच्या अंगावर घ्यायला आलाय. लय गुणाचं पोरगं."

मी पुन्हा सांगितलं. शपथा घेतल्या. वहीतलं ते वाक्य म्हणून दाखवलं. ते मान हलवत राहिले. निघताना रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि कुणी ऐकत नाही ना हे बघून म्हणाले, "असं दुसऱ्या कोणाला सांगू नको बरं. लोकांना खरं वाटंल."